दुसरी जाहिरात

भिवंडीतल्या पुढाऱ्यांना वाढदिवस नसते, तर ‘खाडीकाठ’ हे साप्ताहिक केव्हाच बंद पडलं असतं. चार पानांतली दोन पानं फेटे आणि काळे चष्मे घातलेल्या तडफदार नेतृत्वाच्या फोटोंनी भरायची, एक पान जमिनींच्या जाहीर नोटिसांनी, आणि उरलेल्या पानात मनोज भोईर बातम्या बसवायचा. जागा कमी पडली तर बातमी कापायची, जाहिरात नाही, हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. वडील जाऊन दहा वर्षं झाली तरी तो नियम काही बदलला नव्हता.

कचेरी निजामपुऱ्यात, एका लूमच्या कारखान्याच्या माडीवर. खाली दिवसभर खडखडाट चालायचा, त्यामुळे टेबलावरच्या चहात कायम बारीक तरंग उठलेले असत. शुक्रवारी लूम बंद. मनोज सकाळी त्या शांततेत पानं लावायचा, दुपारी ती छापखान्यात जायची आणि संध्याकाळी अंक एसटी स्टँडवर यायचा. दारावर वडिलांच्या काळची पाटी होती: ‘पत्त्याशिवाय जाहिरात स्वीकारली जाणार नाही. हरवल्याच्या जाहिरातीस नेहमीचा दर. सापडल्याची जाहिरात फुकट.’ वडील म्हणायचे, ज्याचं हरवलंय तो अडलेला असतो, तो पैसे देतोच. पण ज्याला सापडलंय त्याच्याकडून पैसे घ्यायला लागलात, तर उद्या तो सापडलेलं निमूट खिशात घालेल.

मनोजचं स्वतःचं धोरणही होतं. वशीकरणवाल्या बाबांच्या जाहिराती तो घेत नसे. चांगले पैसे देतात ते लोक, पण मनोजचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि ज्यावर आपला विश्वास नाही ते दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये, असं त्याला वाटायचं. पुढाऱ्यांच्या बाबतीत मात्र तो इतका काटेकोर नव्हता.

घर पूर्ण्याला. घरच्या जमिनीवर गोडाऊनं उभी राहिली तेव्हा वडिलांनी त्यांच्या मागच्या गल्लीत बंगला बांधला होता. घरात चार माणसं: मनोज, बायको वनिता, तिसरीतली मुलगी भाविका आणि आक्का. आक्का म्हणजे मनोजच्या आजोबांची धाकटी बहीण, द्रौपदी. लवकर विधवा होऊन माहेरी आली आणि इथंच नव्वदीला टेकली. भाविकाचं सगळं जांभळं. दप्तर जांभळं, चपला जांभळ्या, केसांचा रबर जांभळा. वांगंसुद्धा ती केवळ रंगामुळे खायची, असं वनिता म्हणायची. संध्याकाळी मनोजची गाडी गल्लीत वळली की ती फाटकाला लोंबकळत उभी असायची, आणि दिवसभर लोकांच्या जाहिरातींत डोकं घालून आलेल्या मनोजला तेवढ्यानं पोट भरल्यासारखं व्हायचं.

आक्काची एक सवय होती. जेवायला बसली की ताटाच्या कडेला भाताची चिमूट काढून ठेवायची आणि तोंडातल्या तोंडात म्हणायची, “म्हादूचा.” कोण महादू, हे घरात कोणी विचारलं नव्हतं. महादेवाला नैवेद्य दाखवत असेल, अशी मनोजची समजूत. भाविका ती चिमूट कावळ्याला घालून यायची.

यंदाच्या दिवाळी अंकाला काहीतरी वेगळं हवं होतं, आणि ते घरातच सापडलं. वनितानं साफसफाईत आक्काची पत्र्याची पेटी काढली. आक्काच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन डोळा चिघळला होता, डोळ्यावर पट्टी बांधून ती आत पडून होती, नाहीतर तिनं त्या पेटीला कोणाला हात लावू दिला नसता. पेटीच्या तळाला जुन्या वर्तमानपत्राचा कागद खळीनं डकवलेला होता. कसरीनं खाऊन त्याची जाळी झाली होती. मनोजनं ओलं फडकं फिरवून तो सोलला, तर त्याचे तुकडेच हातात आले. एका तुकड्यावर ‘येऊ नये’ एवढंच वाचता येत होतं. असेल कुठल्यातरी शेताची नोटीस, असं म्हणून त्यानं सगळे तुकडे केरात टाकले. कारण खाली दुसरा कागद होता, आणि तो जवळजवळ धड होता.

ते १९४६ सालचं पान होतं, ठाण्याच्या कुठल्याशा साप्ताहिकाचं, जाहिरातींनी खच्चून भरलेलं. मनोज जमिनीवर मांडी घालून वाचतच बसला. ‘लढाई संपली! आपला आवडता साबण पुन्हा बाजारात. एका गिऱ्हाइकास दोनच वड्या.’ ‘कंट्रोलच्या भावाने धोतरजोड्या. रेशनकार्ड दाखवावे.’ ‘लढाईच्या काळजीने खंगलेल्या शरीरास आमचे द्राक्षासव.’ ‘लष्कराकडील उरलेली घोंगडी, बूट, ताडपत्र्या. काही नग डागाळलेले, म्हणून निम्म्या किमतीत.’ लोकांच्या अंगावर धड कापड नाही, चहात घालायला साखर नाही, आणि जाहिरातवाला सांगतोय की सुखाचे दिवस आले. आपला धंदा तेव्हाही असाच होता, याचं मनोजला हसू आलं.

मग कोपऱ्यातली छोटी जाहिरात त्याला दिसली.

‘चि. लडकू बाळाराम भोईर यास. तू असशील तिथून निघून ये. लढाई संपली. झाल्या गोष्टीबद्दल तुला घरात कोणी काही बोलणार नाही. आईने अंथरूण धरले आहे. तुझी जागा मोकळी ठेवली आहे.’

त्याखालचा पत्ता फाटून गेला होता. बाळाराम भोईर म्हणजे मनोजचे पणजोबा. त्यांचा थोरला मुलगा घरात भांडून लढाईच्या बिगारीला ब्रह्मदेशात गेला तो गेलाच, एवढं मनोजनं लहानपणी उडत उडत ऐकलं होतं. आपल्याच घरातली जाहिरात, तीही ऐंशी वर्षांपूर्वीची, यापेक्षा चांगला मजकूर दिवाळी अंकाला कुठून मिळणार? त्यानं अख्खं पान ‘लढाई संपली तेव्हा’ या मथळ्याखाली जसंच्या तसं छापलं. ही एक जाहिरात तेवढी कोपरा फाटल्यामुळे नव्यानं टाइप करावी लागली. शेवटी पत्ता नव्हता. पत्त्याशिवाय जाहिरात घेत नाही, हे आठवून त्यानं गंमत म्हणून आजचा पत्ता घातला: भोईर बंगला, गोडाऊनची मागची गल्ली, पूर्णा.

अंक हातोहात खपला. ज्यांच्या वाढदिवसाचं पान समोर होतं ते यादवशेठ रुसले, कारण लोक त्यांचा फोटो सोडून साबणाच्या वड्या वाचत होते.

सोमवारी दुपारी कचेरीतला फोन वाजला. जुना, तारेचा फोन. लूमच्या आवाजात मनोजनं एक कान बोटानं बंद करून तो घेतला.

“धोतरजोडी शिल्लक हाय का?” म्हातारा आवाज, फार लांबून आल्यासारखा. “कार्ड हाय माझ्याकडं.”

मनोज हसला. “काका, ती जाहिरात जुनी आहे. ऐंशी वर्षं झाली तिला.”

तो माणूस शांतपणे म्हणाला, “छापली तर आत्ताच ना?” आणि फोन बंद झाला.

वाचकांना टिंगल सुचते, मनोज म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी एका बाईचा फोन आला. तिला साबण हवा होता. “दोन वड्या नको, एकच द्या,” ती म्हणाली. “पोराच्या अंगाला लावायचाय. उद्या उचलतील त्याला.” मनोजला हसू आलं नाही. त्यानं माफ करा म्हणून फोन ठेवला, आणि त्या दुपारी पुन्हा वाजला तेव्हा उचलला नाही.

संध्याकाळी घरी परतताना गोडाऊनच्या फाटकावरच्या वॉचमननं हात करून गाडी थांबवली. “मनोजभाई, आपके घर कोई मेहमान आया है क्या? दोपहर से इधर खड़ा था. कंबल ओढ़ के, इतनी गरमी में. पता पूछ रहा था, तो बेबी ने बता दिया.”

भाविका फाटकाला लोंबकळतच होती. मनोजनं तिला खाली उतरवून विचारलं, कोण होता तो?

“माहीत नाही. त्याने विचारलं, लडकूचं घर कनचं? मी म्हटलं लडकू कोणी नाही, पण पेपरातलं ते घर आमचंच.” तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. “पप्पा, त्याची घोंगडी ओली होती. खाली पाणी गळत होतं. आणि त्याने मला विचारलं, तू कुठं झोपतेस?”

मनोजच्या डोक्यात आलं ते आजकालच्या बापाच्या डोक्यात जे येतं तेच. पोरं पळवणारा असेल, गर्दुल्ला असेल. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही म्हणून त्यानं भाविकाला दम भरला आणि वॉचमनला परत जाऊन सांगून आला की तो माणूस दिसला तर आधी मला फोन कर. फाटकाजवळच्या फरशीवर ओला डाग होता. ओल्या लोकरीचा आणि घासलेटाचा वास तिथं रेंगाळत होता, आणि रात्री पाणी ओतून धुतल्यावरही तो पुरता गेला नाही.

बुधवारी आक्काची पट्टी निघाली. दिसायला अजून धूसर होतं, म्हणून वनिता दुपारी तिला दिवाळी अंक वाचून दाखवत होती. साबण झाला, धोतरजोड्या झाल्या, मग कोपऱ्यातली जाहिरात आली. वनितानं ती वाचली, तशी आक्का उठून बसली आणि म्हणाली, मनोजला बोलव. वनिताच्या आवाजात असं काही होतं की मनोज हातातलं काम टाकून निघून आला.

“दुसरी पन छापलीस ना?” आक्कानं विचारलं.

“कुठली दुसरी?”

“तिच्यावर डकवलेली. मी मुद्दाम तिच्या तोंडावर तोंड करून डकवली व्हती.”

मनोजला केरातले तुकडे आठवले. त्यानं खरं ते सांगितलं. आक्का काही ओरडली नाही. तिनं डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली.

“लडकूदादा आलता,” ती म्हणाली. “जाहिरात वाचून आला असं बोलला. आमाला आनंद झाला. गरीब झालता, बोलायचा न्हाय, वल्ल्या घोंगडीत बसून रायचा. आय अंथरुणातनं उठली नि रेशनकार्डावर त्याचं नाव वाढवायला गेली. तर साहेब घरी मानसं मोजायला आला. त्या टायमाला मोजायचे, साखरेसाठी लोक खोटी नावं घालायचे ना. त्यानं मोजली. बोलला, बाई, कार्डावर सा नावं हायत, घरात सा मानसं हायत. वाढवायचं काय?”

“मग?”

“आय बोलली, आमी आधीपन सा व्हतो, आता हा आला. साहेबानं नावं वाचली. आजी, बा, आय, तुझा आजा कानूदादा, मी. नि सावं नाव महादू बाळाराम, वय पाच.” आक्का थांबली. “आमी एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. कोन महादू? कुनालाच ठाव न्हाय. आय तर बोलली, साहेब, तुमी चुकून दुसऱ्याचं नाव लिवलंत.”

वनिता दाराला टेकून उभी होती.

“माझ्या गोधडीत दोन पोरांची जागा व्हती, मनोज. घरात पाच वर्साच्या पोराची चड्डी व्हती. आमी ती भांडी पुसायला घेतली व्हती. मग आयला कळलं. कसं कळलं ते मना ठाव न्हाय, पन त्या दिशी ती जी परत आडवी झाली ती उठली न्हाय. बा चालत ठान्याला गेला नि दुसरी जाहिरात देऊन आला. पेपरातून बोलावला, तर पेपरातूनच नको म्हनून सांगायला लागतं. दुसरी छापून आली तसा तो उठला नि गेला.”

“आणि महादू?”

“तो न्हाय आला. आमी पाचच रायलो.” आक्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं. “नाव कार्डावर व्हतं म्हनून नाव तरी ठाव हाय. रोज घेतंव, इसरू नये म्हनून. त्याचं तोंड मना आठवत न्हाय.”

मनोजनं स्वतःची समजूत घालून पाहिली. त्या वर्षांत पोरं तापानं पटापट जायची. एखादं गेलं असेल, ते दुःख झाकायला घरानं अशी गोष्ट रचली असेल. समजूत चांगली होती, पण ती फाटकाजवळच्या त्या ओल्या डागावर काही केल्या बसेना. दुसरी जाहिरात छापायला आपलं काय जातं, असं म्हणत त्यानं छापखान्यात फोन केला. मशिनवर लग्नपत्रिकांचं काम चढलं होतं, शुक्रवारच्या आधी जमणार नव्हतं. मग त्यानं आक्काला विचारून मजकूर टाइप केला: ‘लडकू बाळाराम भोईर यास. आधीची जाहिरात रद्द समजावी. घरी जागा नाही. तू येऊ नये.’ पहिल्या पानावर, यादवशेठच्या आभाराच्या जाहिरातीशेजारी, त्यानं चौकट राखून ठेवली.

गुरुवारी तो कचेरीत गेलाच नाही. भाविकाला दिवाळीची सुट्टी होती. तिला अंगणात सोडलं नाही म्हणून ती फुरंगटली, मग दोघं दिवसभर पत्ते खेळले. मनोजला भीती वाटत होती, आणि ती वाटते हे मान्य करायला आता त्याला लाजही वाटत नव्हती. ही पोर उशिरा झालेली, नवसासायासाची नव्हे पण वाट पाहून पाहून झालेली. तिच्या केसांत हात घातला की गोडंतेलाचा वास यायचा. एक दिवस काढायचा आहे, तो मनाशी म्हणत होता. उद्या अंक निघाला की संपलं.

तिन्हीसांजेला वनितानं तुळशीपाशी दिवा लावला. मागच्या गोडाऊनमध्ये कंटेनर मागे घेत होते, त्याची पीं पीं ऐकू येत होती. मग ती थांबली, आणि पाठोपाठ तो वास आला.

वनिता घाईनं आत आली. “ओटीवर कोणीतरी बसलंय,” ती म्हणाली.

मनोजनं भाविकाचा हात धरला. चांगला घट्ट, मनगटाजवळ. तिला घेऊनच तो दारापाशी गेला, कारण तिला मागं सोडून जायची त्याची हिंमत नव्हती.

ओटीच्या पायरीवर विशी-बाविशीचा पोरगा बसला होता. खाकी घोंगडी, खाली उघडे पाय. त्यानं मान वर केली, आणि मनोजला आपल्या वडिलांचा लग्नाच्या फोटोतला चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. दमणूक होती फक्त.

“पत्ता बराबर हाय,” पोरगा म्हणाला. त्याच्या हातात ‘खाडीकाठ’चं पान होतं, भिजून लगदा झालेलं.

“तुम्ही जा,” मनोज म्हणाला. “चुकून छापलं ते.”

“मागच्या खेपेला पन असंच बोलले.” पोरगा उठला. “मी मागं लागून न्हाय आलो. तुमी बोलावलं म्हनून आलो. जागा मोकळी हाय म्हनून लिवलंय.”

“जागा नाही.”

“हाय,” तो हळूच म्हणाला, आणि भाविकाकडं पाहिलं.

आतून आक्काची हाक आली. “मनोज, हात सोडू नको.”

त्यानं सोडला नाही. तिची नाडी त्याच्या बोटांखाली उडत होती. “पप्पा, दुखतंय,” ती म्हणाली.

पोरग्यानं उंबऱ्याच्या आत पाय टाकला.

मनोज बाजूला सरकला, कारण दारात कोणी आलं की माणूस सरकतो.

“या,” तो म्हणाला. “बसा.”

त्याची मूठ घट्ट वळलेली होती. बोटं दुखत होती. त्यानं ती उघडून पाहिली. आत केसांचा एक जांभळा रबर होता.

वनिताचा असेल, असं म्हणून त्यानं तो खिशात टाकला.

वनितानं चार ताटं वाढली. लडकू मुकाट जेवला. जेवण झाल्यावर त्यानं चहा मागितला आणि साखरेचा डबा पाहून विचारलं, “मिळते आता साखर?” वनिताला त्याची कीव आली. तिनं दोन चमचे जास्त घातले.

आक्का मात्र जेवली नाही. ती भिंतीला टेकून बसून होती. तिच्या ताटाच्या कडेला भाताच्या दोन चिमटी होत्या.

“म्हादूचा,” ती म्हणाली. मग दुसरीवर बोट ठेवून, “भाविकाचा.”

“कोण भाविका?” मनोजनं विचारलं.

आक्कानं त्याच्याकडं पाहिलं. “मोज,” ती म्हणाली. “मानसं मोज.”

मनोजनं तिचं समाधान व्हावं म्हणून मोजली. “तू, मी, वनिता आणि लडकू. चार. आपल्या घरात पहिल्यापासून चारच नाहीत का?”

“उद्या ती छाप,” आक्का म्हणाली. “मी हात जोडतंव तुला. दुसरी छाप.”

ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, वनिता नंतर त्याला म्हणाली. डॉक्टरांना दाखवायला हवं.

सकाळी निघताना पलंगाआडून वनितानं काही वस्तू काढून आणल्या. “गल्लीतल्या कोणा पोरीच्या राहिल्यात,” ती म्हणाली. “कधी आली होती कोण जाणे. जाताना पेपरात टाका, बिचारीचं काम अडलं असेल.” ते बोलताना ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, कशासाठी उभी राहिली ते विसरल्यासारखी, आणि मग परत स्वयंपाकघरात गेली. ओटीवर लडकू घोंगडी घेऊन बसला होता. ती अजून वाळली नव्हती.

शुक्रवार असल्यामुळे निजामपुरा शांत होता. टेबलावरचा चहा स्थिर होता. मनोजनं पहिलं पान उघडलं. यादवशेठचे आभार, आणि शेजारच्या चौकटीत: ‘घरी जागा नाही. तू येऊ नये.’

त्यानं ते पुन्हा वाचलं. मजकूर त्यानंच टाइप केलेला होता, याबद्दल शंका नव्हती. का केला, ते काही आठवेना. घरात येऊन दोन घास खाणाऱ्या माणसाला असं कोण लिहितं? आक्काच्या नादानं लिहून बसलो, असं त्याला वाटलं आणि शरमल्यासारखं झालं. त्यानं मजकूर पुसला. चौकट रिकामी झाली.

वेळ पाहायला त्यानं मोबाइल उचलला. पडद्यावर तो आणि वनिता, कशेळीच्या खाडीवर काढलेला फोटो. दोघांमध्ये जरा जास्तच अंतर होतं. त्याचा एक हात कमरेच्या उंचीवर होता, पंजा पालथा, कशावर तरी टेकवावा तसा. खाली नुसती खाडी दिसत होती. विचित्रच उभे राहिलो आपण, असं म्हणून त्यानं मोबाइल उलटा ठेवला.

मग त्यानं पिशवीतल्या वस्तू टेबलावर मांडल्या आणि चौकटीत टाइप केलं.

‘सापडले आहे. जांभळे दप्तर, त्यात इयत्ता तिसरीची पुस्तके, पाण्याची बाटली. लहान मुलीच्या जांभळ्या चपला. पुस्तकांवर नाव: भाविका मनोज भोईर. ओळख पटवून घेऊन जावे.’

नाव वाचून त्याला गंमत वाटली. तालुक्यात मनोज भोईर पैशाला पासरी मिळतील, कोणाची असेल कोण जाणे. पत्त्याशिवाय जाहिरात घ्यायची नाही, म्हणून त्यानं घरचा पत्ता घातला. खिशात हाताला रबर लागला, तोही बाहेर काढून दप्तरावर ठेवला आणि मजकुरात ‘केसांचा रबर’ एवढे शब्द वाढवले.

सापडल्याची जाहिरात फुकट. तरी कोणाची तरी पोर दप्तर हरवलं म्हणून कुठंतरी रडत बसली असेल, असं मनात येऊन मनोजला वाईट वाटलं, आणि त्यानं जाहिरातीभोवतीची चौकट जरा ठळक केली.